न ढकलता चढणारा झोका

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक ऐच्छिक विषय होता. त्याचं कागदावरचं नाव बसच्या पाटीवर मावलं नसतं इतकं लांब होतं. अर्थ एवढाच, की आकडेमोड करणारं सॉफ्टवेअर कसं लिहायचं, आणि लिहून झाल्यावर त्याच्यावर चटकन विश्वास कसा ठेवायचा नाही. सगळे त्याला नुसतं 'न्यूमेरिकल' म्हणायचे. मी तो घेतला, कारण त्याचा तास उशिरा सुरू व्हायचा आणि गडमुडशिंगीहून येणाऱ्या माणसाला तेवढं सुख पुरतं. पहिल्याच दिवशी मी त्या विषयाच्या प्रेमात पडेन असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या दिवशी मॅडमनी आम्हाला कॉम्प्युटरवर एक दशांश दहा वेळा मिळवायला लावला आणि विचारलं, एक झाला का? आम्ही माना डोलावल्या. मग म्हणाल्या, त्याला विचारा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, नाही. शून्य पूर्णांक आणि पुढं नवांची आगगाडी. एवढं मोठं यंत्र, त्याला दहा दशांशांचा एक करता येईना. वर्गात असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातून शिपाई बघायला आला. मला हसू आवरेचना. जगातली सगळ्यात हुशार म्हणवणारी वस्तू आपल्यासारखीच अडखळते हे कळल्यावर एखाद्याला हायसं वाटेल, एखाद्याला भीती वाटेल. मला नाचावंसं वाटलं.

मॅडम कोल्हापुरातल्याच, बोलायला रोखठोक. त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ झालं होतं: "कॉम्प्युटरला लाज नसते. चुकीचं उत्तरसुद्धा तो त्याच तोऱ्यात देतो." म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली होती. कुठलाही प्रोग्राम लिहिला की तो आधी घरी दाखवायचा. ज्याला कॉम्प्युटर कळत नाही, पण ती वस्तू रोजच्या वापरातून कळते, अशा माणसाला. तो काय म्हणाला ते वर्गात येऊन जसंच्या तसं सांगायचं. ह्याला त्या 'घरची तपासणी' म्हणत. बाकी विद्यापीठांत असलं काही असेल असं मला वाटत नाही.

पहिलं मोठं काम आलं ते असं: आपल्या घराभोवती हलणारी एखादी वस्तू घ्यायची आणि ती पडद्यावर हलवून दाखवायची. कबनूरच्या मुलानं मागातला धोटा घेतला. कागलच्या मुलीनं विहिरीतून वर येणारी घागर घेतली. मी झोका घेतला, आणि त्याला कारण होती आमची वहिनी.

दादाचं लग्न होऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. वहिनी निपाणीच्या पलीकडची, सीमेवरची. तिकडं झोक्याला जोकाली म्हणतात आणि नागपंचमीला घरोघरी, झाडोझाडी जोकाल्या बांधतात. आमच्याकडं झिम्मा-फुगडी जास्त, पण तिच्या गावात पंचमी म्हणजे झोकाच. लग्नानंतरची पहिली पंचमी. रीतीप्रमाणं भाऊ मुराळी म्हणून यायचा आणि बहिणीला माहेरी घेऊन जायचा. पण तिचे आईवडील त्याच वर्षी भावाकडं बंगळुरात राहायला गेले होते, गावातल्या घराला कुलूप होतं आणि भावाला रजा मिळत नव्हती. वहिनी एकदा नुसतं म्हणाली, "माहेर न्हाय तर न्हाय वन्सं. एक जोकाली तरी असती, तर बरं झालं असतं." आणि भांडी घासायला गेली. मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्यामागं जाऊन न विचारता भांडी विसळायला लागले, जे मी एरवी सणासुदीलाही करत नाही.

आता झोका बांधणं काही अवघड नव्हतं. आमच्या दारातच मोठी चिंच आहे. पूर्वी गल्लीतल्या सगळ्या बायकांचा पंचमीचा झोका तिच्यावरच असायचा. पण दोन वर्षांपूर्वी शेजारची मुलगी त्यावरून पडली, तिचा हात मोडला, आणि त्या दिवसापासून आईनं झोका बंद केला. झाड आमचं, शब्द आईचा. दादानं विषय काढून बघितला होता, तर आई म्हणाली, दुसऱ्याच्या लेकी पाडायला माझं झाड न्हाय.

मी मात्र खूष होते. मला एका दगडात दोन पक्षी दिसत होते. प्रोग्राममध्ये झोका किती उंच जातो ते आईला दाखवायचं, घाबरण्यासारखं काही नाही हे गणितानं पटवायचं, म्हणजे घरची तपासणीही झाली आणि वहिनीची जोकालीही. माझी ही युक्ती मला इतकी आवडली की मी ती बसमध्ये शेजारच्या बाईंना सांगितली. त्या गांधीनगरला उतरल्या, नाहीतर त्यांनाही पंचमीला बोलावणार होते.

प्रोग्राम लिहायला सोपा होता. वेळेचे बारीक बारीक तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात झोका कुठं आहे ते बघायचं, त्यावरून त्याला किती ओढ बसते ते काढायचं, वेगावरून पुढची जागा आणि ओढीवरून नवा वेग. की परत तेच. मी एक फळी काढली, दोन दोर काढले, फळीवर हिरव्या लुगड्यातली बाईसुद्धा बसवली. खरं तर बाईवर जास्त वेळ गेला. तिच्या केसांत गजरा होता.

मंगळवारी दुपारी आई आणि गल्लीतल्या चार-पाच बायका सोप्यात बसून पंचमीच्या लाह्यांसाठी ज्वारी निवडत होत्या. मी लॅपटॉप नेऊन मधोमध पाटावर ठेवला. आईला म्हणाले, हे विद्यापीठातलं आहे, आपल्या चिंचेच्याच मापाचा झोका आहे, तू फक्त बघ. वहिनी आतल्या दारात उभी होती. मी बटण दाबलं.

हिरव्या लुगड्यातली बाई पुढं गेली, मागं आली. बायका कौतुकानं हसल्या. पुढं गेली, मागं आली. मग मला वाटलं, ही मघापेक्षा जरा वर गेली. मग बायकांनाही वाटलं. कुणी ढकलत नव्हतं, वारा नव्हता, आणि बाई आपली प्रत्येक झोक्याला वर, आणखी वर. दोर आडवा झाला. एक काकू "अगं बाई" म्हणून मागं सरकल्या. मी बंद करायचं बटण शोधत होते आणि तेवढ्यात ती बाई गजऱ्यासकट फांदीवरून पलीकडं गेली आणि गिरणीच्या पट्ट्यासारखी गरागरा फिरायला लागली.

आईनं शांतपणे सूप खाली ठेवलं.

"बघितलंस न्हवं," आई म्हणाली. "तुझ्या विद्यापीठाला बी कळलंय. आता झोक्याचं नाव काढायचं न्हाय."

एक काकू गालातल्या गालात हसत म्हणाल्या, की हिच्या आईला झोक्याचं काय दाखवायचं. आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्या पुन्हा ज्वारीतले खडे शोधायला लागल्या. मागं वळून बघते तर वहिनी दारात नव्हती. मी झोका मिळवून द्यायला गेले होते आणि होता नव्हता तो चान्सही घालवून बसले होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी घरची तपासणी जशीच्या तशी सांगितली. वर्ग हसून हसून आडवा झाला. कबनूरचा मुलगा तर बाकाखाली गेला, आणि त्याचा स्वतःचा धोटा माग सोडून भिंतीतून पार गेला होता. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी प्रोग्राम चालवला, बाई गरागरा फिरेपर्यंत बघितली आणि मला विचारलं:

"कुणी ढकलतंय काय तिला?"

मी म्हटलं, नाही.

"मग एवढी ताकद आली कुठनं?"

मला उत्तर येईना. मॅडमनी फळ्यावर एक गोल काढला. म्हणाल्या, वडाला फेऱ्या घालताना वाट वळते आहे आणि तू मात्र प्रत्येक पाऊल सरळ टाकतेस. एका पावलाला काही कळत नाही, पण दर पावलाला तू किंचित बाहेर जातेस. थोड्या वेळानं वड कुठं आणि तू कुठं. माझा झोकाही तसाच दर तुकड्याला केसभर बाहेर पडत होता, आणि ते केस साठून साठून बाई फांदीवरून गेली होती. मग त्यांनी माझ्या प्रोग्राममधल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. मी जागा आधी बदलत होते आणि वेग मागनं. म्हणजे जागा काढताना वेग मघाचा शिळा वापरत होते. "आधी वेग, मग जागा. उलट कर."

मी दोन ओळींची अदलाबदल केली. बाकी एक अक्षर बदललं नाही. बटण दाबलं. बाई पुढं गेली, मागं आली. पुढं गेली, मागं आली. जेवढी पहिल्यांदा तेवढीच पंधराव्यांदा. आम्ही सगळे तिच्याबरोबर माना हलवत बसलो. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. दोन ओळी. खालची वर आणि वरची खाली, एवढ्यानं एक बाई मरता मरता वाचली होती.

घरी बसच्या वेगानं जाववेना, असं वाटलं की उतरून पळत सुटावं. आई चुलीपुढं होती. मी तिथंच लॅपटॉप उघडला आणि सगळं सांगितलं: चूक झोक्याची नव्हती, माझी होती, आता दुरुस्त केली, आता बघ कसा गुणी झोका आहे. आईनं बघितलं. फुंकणी बाजूला ठेवली आणि म्हणाली, कालचं तुझ्या मनाविरुद्ध आलं म्हणून आज मनासारखं करून आणलंस व्हय?

ह्याच्यावर काय बोलायचं ते कुठल्याच तासाला शिकवलेलं नव्हतं. चुकीच्या प्रोग्रामवर सगळ्या गल्लीचा विश्वास बसला होता, कारण तो विद्यापीठातला होता. बरोबर प्रोग्रामवर कुणाचाच बसेना, कारण तो मी केलेला होता. मला रडू यायचं ते हसूच आलं, आणि आई म्हणाली, बघा, हिचं हिलाच पटंना.

पंचमीच्या आदल्या दिवशी दादानं मध्यममार्ग काढला. झोका बांधू, पण त्यावर माणूस बसवायचं नाही, पेंडीचं पोतं बसवायचं. पोतं आणि हिची बाई बरोबर हलतात का ते सगळ्यांनी बघायचं. आई म्हणाली, पोतं बसूं दे, पोत्याला काय पडलं तर पडलं. मग दादा चिंचेवर चढला, फांदीवर पाय आपटून आपटून बघितली, नवा जाड दोर टाकला आणि फळीवर पोतं करकचून बांधलं. माझ्या लॅपटॉपसाठी कट्ट्यावर खुर्ची ठेवली. बघता बघता गल्ली गोळा झाली. हातांवर मेंदी लावलेल्या बायका हात वर धरून उभ्या होत्या, जणू पोत्याला आशीर्वाद देत आहेत. झोक्यावरून पडलेल्या त्या शेजारच्या मुलीचा हात आता चांगला होता, तो वर करून ती सगळ्यात पुढं होती.

दादानं पोतं मागं ओढून सोडलं आणि मी बटण दाबलं. पोतं गेलं तशी माझी बाई गेली. पोतं आलं तशी बाई आली. दोघं अगदी पाऊल जुळवून. बायका एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होत्या. मी तर हवेत होते. गावाशेजारच्या विमानतळावरून एक विमान उठून डोक्यावरून गेलं, त्याच्याकडं कुणी मान वर करून बघितलं नाही. गडमुडशिंगीत हे फार क्वचित घडतं, कारण रोज विमान बघूनही आमची हौस फिटलेली नाही.

थोड्या वेळानं पोतं मंदावलं. माझी बाई मंदावेना. पोतं जवळजवळ थांबलं आणि बाई अजून पहिल्याच उत्साहानं झुलत होती. आई म्हणाली, पोतं दमलं, तुझी बाई काय खाऊन आलीया?

हवेचा अडथळा मी विसरले होते. तिथंच कट्ट्यावर बसून एक ओळ घातली, एक आकडा अंदाजानं टाकला, दादाला पोतं पुन्हा सोडायला लावलं. बाई लवकर थांबली. आकडा कमी केला. पुन्हा पोतं. आता उशिरा. गल्लीला ह्यात रंग चढला, बायका मला आकडे सुचवायला लागल्या, दादा घामाघूम होऊन पोतं ओढत राहिला. आणि शेवटी एकदाचं ते झालं: पोतं आणि बाई बरोबर मंदावली, बरोबर रेंगाळली आणि बरोबर थांबली. बायकांनी मेंदीचे हात विसरून टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी अर्ध्या गल्लीच्या मेंदीचा चिखल झाला होता.

मी आईकडं बघितलं. वहिनीपण बघत होती. आई झोक्यापाशी गेली, पोत्यावर एक थाप मारली.

"पोत्याचं काय घिऊन बसलीस," ती म्हणाली. "पोत्याला गुडघं असत्यात व्हय?"

मला कळेना. आई म्हणाली, तुझं पहिलं होतं तेच खरं होतं. कुणी ढकललं नाही तरी झोका चढतो. बाई वर उभी असली की चढतोच. ते बघूनच मी सूप खाली ठेवलं. मी दोन ओळी चुकवून जे केलं होतं ते आईनं आधीच कुठंतरी बघितलं होतं.

दादा पोतं फळीवरून सोडवायला लागला. खेळ संपला असं समजून बायका पांगणार, तेवढ्यात वहिनी पुढं आली. पदर खोचलेला, आवाज अगदी गरीब.

"आत्ती, गुडघं कसं म्हणताय? आमच्याकडं बसूनच घेत्यात की. तुम्हीच दाखवा."

ती धडधडीत खोटं बोलत होती. जोकालीवर उभं राहून झाडाची पानं दातांनी तोडून आणायची पैज तिच्या गावात लागते, हे तिनंच मला सांगितलं होतं. मी जीभ चावून गप्प बसले.

आई म्हणाली, मला वय आहे का आता. मग म्हणाली, फक्त दाखवण्यापुरतं. मग लुगड्याचा काष्टा घट्ट केला, फळीवर एक पाय ठेवला, दोर धरून बघितला, आणि चढली. उभी राहिली. त्या दिवशी गालातल्या गालात हसलेल्या काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, आता बघ, लगीन होऊन आली तेव्हा हिच्याइतका झोका गल्लीत कुणी चढवत न्हवतं.

आई टोकाला गेली की गुडघे वाकवायची आणि खाली येताना ताडकन उभी व्हायची. कुणी ढकलत नव्हतं. पहिल्यांदा जेमतेम हातभर. मग दोन हात. मग फांदी करकरली, दोर ताणला, आणि आई प्रत्येक झोक्याला वर, आणखी वर, अगदी माझ्या त्या चुकलेल्या प्रोग्रामसारखी. फक्त ही हसत होती. मी आईला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. तिचा अंबाडा सुटला. लुगडं योगायोगानं हिरवंच होतं. मला भीती वाटत होती आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद होत होता. मॅडमनी विचारलं होतं, एवढी ताकद आली कुठनं. आता मला उत्तर आलं असतं.

पानांपर्यंत जाऊन आई हळूहळू खाली आली. झोका थांबला तरी ती उतरेना. फळीवर तशीच उभी राहून तिनं वहिनीला बोलावलं आणि समोरासमोर उभं राहायला सांगितलं. पाय मधे, हात वर धर, मी खाली गेले की तू उठायचं. वहिनीला हे सांगायची काही गरज नव्हती. पहिल्या दोन हेलकाव्यांतच आईला ते कळलं असणार, कारण ती काहीतरी पुटपुटली आणि दोघी फिदीफिदी हसायला लागल्या. एक वाकायची, दुसरी उठायची. झोका असा चढला की दादानं डोळे मिटून घेतले.

वहिनीनं वरच्या टोकाला मान लांब करून चिंचेची डहाळी दातांत पकडली आणि घेऊन खाली आली. बायका ओरडल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यानं असेल किंवा कशानं. आईच्या पायावर ताण नको म्हणून असेल, पण ती थांबायला लागली आणि म्हणाली, आत्ती, पुरे करूया आता.

"पुरे काय पुरे," आई वरून म्हणाली. "माहेरी आलीयास न्हवं? मग घे की."

वहिनीनं गुडघे वाकवले. खुर्चीवर माझी हिरव्या लुगड्यातली बाई केव्हाच थांबून, दोर सरळ करून, गजरा घालून नुसती बघत बसली होती.